तांबडी गाडी, दोन चालक आणि मी

आदरणीय व्याहीबुवा,

काचवाल्याचा सविनय नमस्कार. साष्टांगच घालायचा होता, पण माझा उजवा गुडघा एकदा जमिनीला टेकला की त्याला वर आणायला दोन माणसं लागतात, आणि घरातली तशी दोन्ही माणसं सध्या गाडीखाली आहेत. तेव्हा उभ्या उभ्या केलेला नमस्कार पूर्ण धरावा. तुमचा रक्तदाब कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? तुमच्या धाकटीची परीक्षा संपली असं इकडे कळलं. आता ती घरी बसून तुम्हाला शहाणपण शिकवत असेल, ते निमूट शिकून घ्यावं. (अनुभवाने सांगतो, मध्ये बोललं की धडा लांबतो.) इकडे सर्व क्षेम आहे. तुमची थोरली लेक, म्हणजे आमची सून, मजेत आहे. तुमचे जावई, म्हणजे आमचे चिरंजीव, यांचीही तब्येत बरी आहे, गाडीत बसवलं नाही तर. गाडीत बसलं की त्यांना दुसऱ्या वळणाला मळमळतं हे तुम्ही लग्नाच्या वेळी पाहिलंच आहे. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण आमच्या घरात फोन एक आणि कान अनेक, म्हणून पत्राचा त्रास देतो आहे.

कारण एवढंच, की आमच्या घरी चाललेल्या प्रकाराबद्दल तुमच्याकडे काहीबाही पोहोचलं असेल. कुणी म्हणेल म्हातारा बिघडला, कुणी म्हणेल सुनेनं बिघडवला. तुमची लेक आमच्या घरात आहे, तेव्हा खरी हकीकत तुम्हाला मिळाली पाहिजे, आणि ती कुणाचीही बाजू न घेता, अगदी माझीसुद्धा न घेता, सांगू शकेल असा माणूस मला माझ्याशिवाय दुसरा दिसत नाही.

तर त्याचं असं झालं. दुकान बंद केल्यापासून (आता काचा कारखान्यातूनच चौकटीत बसून येतात, काचवाल्याला कोण विचारतो) माझ्या हातांना चैन नव्हती. अशात बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात हौशी मोटारवाल्यांचा जो क्लब आहे, त्यांच्या ऑफिसची खिडकी फुटली म्हणून मला बोलावणं आलं. मी पुट्टी लावत होतो. एवढ्यात एक गाडी किंचाळत समोर आली, आडवी झाली, आता माझ्याच खिडकीत येते असं वाटलं, आणि नारिंगी शंकूंच्या रांगेतून सुईत दोरा ओवावा तशी निघून गेली. माझ्या बोटांवरची पुट्टी तिथेच वाळली. याला ऑटोक्रॉस म्हणतात असं मग समजलं. तुम्ही घाबरू नका, गाड्या एकमेकींच्या अंगावर जातात तसलं यात काही नसतं. मोकळ्या डांबरी जागेत प्लॅस्टिकचे शंकू मांडून वाकडीतिकडी वाट आखतात, तिच्यातून एका वेळी एकच गाडी जाते आणि भांडण फक्त घड्याळाशी. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. ज्यांची पाळी नसेल त्यांनी कडेला उभं राहायचं आणि दुसऱ्यांनी पाडलेले शंकू पळत जाऊन जागच्या जागी उभे करायचे. डॉक्टर असो, शिंपी असो, या कामातून कुणाला सुटका नाही. मला ते फार आवडलं. मी घरी येऊन जाहीर केलं की येत्या हंगामात आपली तांबडी गाडी उतरणार. ही (म्हणजे आमच्या घरात जिचं चालतं ती) भाजी निवडत होती. ती म्हणाली, "उतरणार म्हणजे? चढली कधी होती?"

पुढचे काही महिने तयारीत गेले. मी शाळेत फार शिकलो नाही हे तुम्ही जाणता, जे काही येतं ते उघडून बघून आलेलं. वाचनालयातली मोटारींवरची सगळी पुस्तकं आणली, चित्रं समजली, मजकूर सुनेनं समजावला. सगळ्या पुस्तकांचं एका गोष्टीवर एकमत होतं की गाडी हलकी हवी. म्हणून मागची बैठक काढली आणि ती पुढच्या खोलीत ठेवली. तिच्यावर बसून आता सगळे टीव्ही बघतात. चिरंजीव पट्टा लावून बसतात. जादा चाक पलंगाखाली गेलं, जॅक शिवणयंत्राखाली. टायरच्या कडेला खडूने रेघा मारून गाडी वळवायची आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघून हवा कमीजास्त करायची, असंही शिकलो. या हवेवरून घरात तट पडले. मी जास्त हवेचा, सून कमी हवेची, आणि ही म्हणायची की पुढे एकाचं ठेवा, मागे दुसऱ्याचं ठेवा आणि मुकाट्यानं जेवायला या. (खेदानं कळवतो की तेच बरोबर निघालं.) वाट पाठ करायचा सराव स्वयंपाकघरात होई. तिथल्या फरशीवर कप उपडे घालून वाट मांडायची आणि हातात ताटली स्टिअरिंगसारखी धरून तिच्यातून चालत जायचं, कारण स्पर्धेच्या दिवशी आधी एकदा पायी फिरून वाट बघू देतात, मग लगेच गाडीत. एकदा आम्ही तिघं एकामागून एक ताटल्या फिरवत, तोंडाने गिअर बदलत चाललो होतो आणि गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा होता. हल्ली तो सिलिंडर फाटकापाशीच ठेवून जातो.

"तिघं" म्हटलं, तिथेच सगळी मेख आहे. क्लबचा नियम असा की एका गाडीवर चालक दोनच. टायर फार तापतात, आणि पाळ्यांचा घोळ होतो. माझ्या हिशेबी हे सोपं होतं, एक मी आणि एक सून. मी ही कल्पना काढलेला माणूस. सून फिजिओथेरपिस्ट, दिवसभर दुसऱ्यांचे सांधे हलवून कंटाळलेली, तिला आठवड्यातून एकदा स्वतःला कुणीतरी हलवावं असं वाटणं साहजिक. पण नावं देताना ही म्हणाली, "माझंपण लिहा." मी हसलो. मग हसणारा मी एकटाच आहे हे माझ्या लक्षात आलं. हिच्याकडे परवाना आहे, तो ती वर्षानुवर्षं न चुकता नवा करून घेते, पण मी समजत होतो की तो फोटो चांगला आला आहे म्हणून. शेवटी मीच मोठ्या मनानं तोडगा काढला की हंगामाआधी क्लबचा जो सरावाचा दिवस असतो, त्या दिवशी तिघांनी गाडी चालवावी आणि ज्या दोघांचा वेळ कमी त्यांनी हंगाम खेळावा. (हा तोडगा माझा होता हे विसरू नये. घरात सगळे त्याची वारंवार आठवण करून देतात, तुम्ही नाही दिलीत तरी चालेल.) व्याहीबुवा, तुमच्यापासून काय लपवायचं, मला तो हंगाम हवा होता. दुकान गेल्यावर लोक "काय, आराम ना?" असं विचारतात तेव्हा तोंडावर देण्यासारखं काही मला हवं होतं.

आता माझी अडचण सांगतो. मी जन्मभर टेम्पोमागे काचा उभ्या करून गाडी हाकली. काच मागे असली की पाय आपोआप शहाणा होतो. खड्डा दिसायच्या आधी कळतो, ब्रेक दाबतो तो लोणी दाबल्यासारखा. मागे ही काचांना पाठ लावून बसलेली असायची, आणि वळण आलं की तिचा आवाज यायचा. तर अशा माणसाला रिकामी, हलकी, आतून खडखडणारी गाडी दिली. मला ती चालवताच येईना. मागे काही नाही हे मनाला पटेना, पाय अधांतरी. गिरणीमागच्या रस्त्यावर एकदा बिचकत, एकदा उधळत, अशी ती गाडी जाऊ लागली. शेवटी एक युक्ती सुचली. दुकानातला एक माणसाएवढा उंच आरसा माझ्याकडे उरला होता, ज्याचं गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. तो रजईत गुंडाळला, डिकीची झडप उघडी ठेवून दोरीने पक्का आवळला आणि गाडी काढली. काय सांगू! हात स्थिर, पाय स्थिर, मन स्थिर. गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. वेग मोजला नव्हता, पण आतून भरपूर वाटला.

सरावाच्या दिवशी मी आरसा घेऊनच गेलो. सुरुवातीला गाड्यांची तपासणी असते. बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे नट आवळले आहेत का, गाडीत सैल वस्तू नाही ना. तपासणारे गृहस्थ पेशानं दंतवैद्य, त्यामुळे गाडीचं बॉनेटसुद्धा "मोठं उघडा" म्हणून उघडायला लावतात. पुढचं सगळं त्यांना पसंत पडलं. मग ते मागे गेले, रजईचं टोक उचललं आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"काका, हा आरसा आहे."

"हो, पण चांगला आहे," मी म्हटलं. "लहरी नाहीत त्यात."

"गाडीत कशाला?"

"त्याच्याशिवाय मला चालवता येत नाही."

ते गंभीर झाले. म्हणाले, गाडीला दिलेत तेवढे आरसे पुरे आहेत, हा काढा. आरसा काढला. रजई चिरंजीवांच्या खांद्यावर दिली, आरसा त्यांच्या हातात दिला आणि बजावलं की हा कुठेही टेकवायचा नाही, धरून उभं राहायचं. गुणी मुलगा. आवाराच्या टोकाला भिंतीजवळ जाऊन धरून उभा राहिला. मी एवढ्या बारकाईनं का लिहितो आहे ते पुढे येईल.

आधी ही निघाली. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली आणि ती पदरासारखी पुढे घेऊन खोचली. सीट इतकी पुढे ओढली की ती गाडी चालवते आहे की गाडीला मिठी मारते आहे ते बाहेरून कळेना. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, पहिल्या वळणाला जरा... तेवढ्यात गाडी गेली होती. व्याहीबुवा, मी कुणाची बाजू घेणार नाही असं आधीच कबूल केलं आहे, म्हणून जसं पाहिलं तसं लिहितो. मागे काचांना पाठ लावून ज्या बाईनं आयुष्यभर "हळू, अहो हळू" असं म्हटलं, तिच्याकडे तो सगळा न वापरलेला वेग शिल्लक होता. प्रत्येक वळण तिच्या पाठीला ठाऊक होतं. गाडी कुठे सुटते आणि कुठे धरते हे मला पायांनी कळायचं, तिला अंगाने. एक शंकू पडला, दोन सेकंद वाढले, तरी वेळ ऐकून क्लबची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ही उतरली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली, "मागे काच नसली की सोपं असतं हो. तुम्ही उगाच घाबरता."

मग सून. तिच्याबद्दल मी फार लिहिलं तर तुम्ही म्हणाल मुलीच्या बापाला खूश करतोय. एवढंच सांगतो की ती हिच्याहून थोडी सावकाश आली आणि एकही शंकू पडला नाही, म्हणून बेरजेत दोघी जवळपास सारख्या. गाडीतून उतरताना तिचे डोळे असे चमकत होते की तुम्ही पाहायला हवे होते. तुमच्याकडे असताना ती कधी एवढी मोठ्यानं हसली होती का? आमच्याकडे आल्यावर मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

आता मला या दोघींपैकी एकीला मागे टाकायचं होतं. बसलो. मागे काही नाही हे स्वतःला बजावलं. निघालो आणि खरं सांगतो, पहिली चार वळणं उत्तम गेली. शंकू माझ्या बाजूनं आदरानं सरकत होते. शेवटचा लांब सरळ पट्टा आला, मी मन घट्ट करून पाय दाबला, आणि समोरून दुसरी गाडी आली. तांबडीच. थेट माझ्या अंगावर. एका वेळी एकच गाडी असते हे मला पाठ होतं, पण पाठ असणं आणि समोरून गाडी येणं यात फरक आहे. मी वेग कमी केला, त्यानंही केला. माणूस सभ्य दिसला. मी कडेला घेऊन थांबलो आणि जन्मभराच्या सवयीनं हात केला, की या, तुम्ही आधी. त्यानंही हात केला. मी पुन्हा केला. तो पुन्हा. एवढा नम्र चालक मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. आमचं हे "आधी आपण, आधी आपण" चालू असताना त्या गाडीच्या चाकांखाली मला चिरंजीवांचे बूट दिसले.

आयुष्यभर आरसे विकलेला माणूस, व्याहीबुवा. गिऱ्हाइकांना सांगायचो की हा इतका स्वच्छ आहे की समोर कुणी आहे असं वाटेल.

क्लबचा एक नियम चांगला आहे. वाटेत अडथळा आला तर फेरी पुन्हा मिळते. मी ती मागितली. स्वतःचंच प्रतिबिंब हा अडथळा धरायचा की नाही यावर दंतवैद्य आणि बाकीची मंडळी छत्रीखाली उभी राहून पुष्कळ बोलली. शेवटी अडथळा मंजूर झाला आणि फेरी पुन्हा मिळाली. या वेळी चिरंजीवांना आरसा भिंतीकडे तोंड करून धरायला लावलं. मी सगळं विसरून चालवली. एक शंकू पडला नाही, एक शंकू हललासुद्धा नाही. खाली उतरलो आणि वेळ ऐकला. आधीच्या फेरीतून थांबल्याचा, हात केल्याचा सगळा वेळ वजा केला असता तरी ही नवी फेरी त्या पहिलीहून फारशी वेगळी नव्हती, आणि दोघींच्या मागेच होती. म्हणजे दोष आरशाचा नव्हता. ही जवळ आली, तिनं माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि म्हणाली, "काच फुटली नाही हो एकही." ती चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर मला बरं पडलं असतं.

घरी परतताना (मी डिकीत, कारण मागे बैठक नाही, आणि चिरंजीव बसनं, कारण ते चिरंजीव) तुमच्या लेकीनं गाडी चालवता चालवता म्हटलं, "बाबा, यंदा मी थांबते. दोन नावं तुमचं आणि आईंचं घालू. मला पुढच्या वर्षीसुद्धा खेळता येईल." पोरीचा आवाज अगदी साधा होता, जसं काही मीठ पुढे सरकवते आहे. माझ्या मनात काय आलं ते मी सांगणार नाही, पण मनात जे आलं ते "नको" नव्हतं. तोंडातून मात्र "नको" गेलं. तो हसण्याचा आवाज मी ऐकलेला होता ना. मी म्हटलं, तू खेळायचंस, यावर आता बोलायचं नाही. पुढच्या सिग्नलला हिनं न वळता मागे हात करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. वाईट गुडघ्यावर. दुखलं, पण सांगितलं नाही.

तर अशी हकीकत. दोन नावं ठरली, त्यात माझं नाही, आणि मी ते आनंदानं मान्य केलं आहे. हवा भरणं, नट आवळणं, दारांवर आकडे चिकटवणं ही खाती माझ्याकडे आहेत. खरं पाहिलं तर गाडी पळवणं हे त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम, पुरतं दोन मिनिटांचंसुद्धा नाही. बाकी सगळं मोठं काम मी करतो. माणसानं एका वयानंतर कडेला उभं राहून दुसऱ्याची गंमत पाहायला शिकावं, त्यात वेगळंच समाधान आहे, आणि ते समाधान मला हल्ली इतकं मिळतं की कधीकधी झोप लागत नाही. तुम्ही लेकीची काळजी करू नये. ती सुरक्षित आहे, सुखात आहे आणि वळणावर ब्रेक फार उशिरा दाबते, तेवढं सांगून पाहीन. विहीणबाईंना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

आपला स्नेहाकांक्षी,
काचवाला व्याही

ता. क. तुमची ती लांब पांढरी गाडी हल्ली काय करते? सहज विचारतो. तुमच्या दुकानात तुम्ही हल्ली चालत जाता असं ऐकलं, तब्येतीला ते उत्तमच. गाडी मात्र नुसती उभी राहून आखडते, तुमच्या लेकीला विचारा, सांध्यांचंही तसंच असतं. क्लबमध्ये तुमच्या गाडीच्या वर्गात फार गर्दी नाही. एक नाव तुमचं घातलं तर दुसरी जागा रिकामीच राहील, आणि रिकामी जागा वाया घालवणं मला पाहवत नाही. मी तुमच्या गाडीला हातही लावणार नाही. फक्त मागची बैठक, जादा चाक, पायपुसणी आणि तो पुढे लावलेला छोटा पंखा काढीन. नावं द्यायची मुदत जवळ आली आहे, तेव्हा उलट टपाली कळवावं.

ता. क. दुसरा. उत्तर घरच्या पत्त्यावर नको, चौकातल्या न्हाव्याच्या पत्त्यावर पाठवा. आणि वर जे समाधानाबद्दल लिहिलं आहे ते दोघी जर कधी वाचतील तर त्यांच्यासाठी आहे. तुम्ही ते सोडून वाचावं.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. व्याहीबुवांना नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम या घरात माझं आहे, कारण डिंक यांच्या मिशांना लागतो. वाचणार नव्हते, पण पाकीट एवढं फुगलं होतं की काय कोंबलंय ते बघावं लागलं. यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त मी "हळू" कधी म्हणत नव्हते, "सांभाळून" म्हणत होते. तुमच्या गाडीचं मात्र यांना उशिरा सुचलं. विहीणबाईंचं आणि माझं गेल्या आठवड्यातच बोलणं झालं. त्या गाडीवर एक नाव त्यांचं आणि एक धाकटीचं आहे, नावं देऊनसुद्धा झाली. तुम्हाला जेवताना सांगायचं ठरलं होतं. अजून सांगितलं नसेल तर मी काही बोलले नाही असं समजा, आणि मागची बैठक जागेवर दिसली नाही तर शोधत बसू नका. पहिल्या दिवशी तुम्ही मात्र नक्की या. शंकू उभे करायला माणसं कमी पडतायत, म्हणून तुमचं आणि यांचं नाव मी तिथे देऊन टाकलं. यांची जागा शेवटच्या वळणावर मागून घेतली आहे. तिथला एक शंकू मी मुद्दाम पाडीन. दोन सेकंद गेले तर जाऊ देत, नुसतं उभं राहायची यांना सवय नाही.